पाटी-पेन्सिलीच्या आधी

मूल सहाव्या वर्षी पहिलीत जाते. पण त्याचे शिकणे त्याच्या फार आधी, घरातच सुरू होते. पुष्कळ आईबाप म्हणतात, "आम्हीच आता कुठं अक्षरं शिकलो. आम्ही पोराला काय शिकवणार?" असे म्हणू नका. लहान मुलाला शिकवायला मोठी विद्या लागत नाही. त्याच्याशी बोलावे लागते, त्याच्याबरोबर मोजावे लागते.

हे दोन शिक्षिकांनी करून दाखवले आहे. बोरिवलीहून रेल्वेने उत्तरेला गेले की डहाणूच्या पुढे घोलवड स्टेशन लागते. तिथून जवळच बोर्डी गाव आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली तिथे बालवाडी काढली. गरिबांची मुले तिकडे येईनात. तेव्हा या बाईच त्यांच्या वस्तीत गेल्या आणि अंगणात मुले जमवली. यातूनच 'अंगणवाडी' हे नाव आले. महागाची खेळणी त्यांनी आणली नाहीत. शिंपले, बिया, पाने, खडे हेच शिकण्याचे सामान झाले. असे सामान तुमच्याही घरी आहे.

आधी कान, मग अक्षर

अक्षर ही आवाजाची खूण आहे. आवाज ओळखू आला नाही, तर खूण कशाची हे मुलाला कळत नाही. मग ते नुसते पाठ म्हणते. म्हणून आधी कानाचा खेळ खेळा. लोकलगाडीत बसल्या-बसल्यासुद्धा तो जमतो.

"विरार, विक्रोळी, विलेपार्ले. सुरुवातीला काय ऐकू येतं रे?"

"वि!"

"आणि मालाड, मुलुंड?"

"मा... मु..."

मा आणि मु. 'म' तोच, पुढचा आवाज बदलला. काना आणि उकार शिकताना हेच कामी येते. कान तयार झाला की स्टेशनची पाटी दाखवा. "हा बघ, वि!" असे म्हणा.

मोजणे म्हणजे घोकणे नव्हे

शंभरापर्यंत आकडे घडाघडा म्हणणारे मूलही सात खडे मोजताना चुकते. एका वस्तूला एकच आकडा, हे त्याला हाताने कळले पाहिजे. जेवायच्या वेळी विचारा, "आपण पाच जण. ताटं किती? मावशी आली, आता किती?" ताटे त्यालाच मांडू द्या. ही झाली बेरीज. बिया-खडे देताना मात्र लक्ष ठेवा. लहान मूल ते तोंडात घालते.

मूल शाळेत जाऊ लागले की एक अडचण येते. 'पंचवीस' म्हणताना आपण पाच आधी बोलतो, वीस मागून. लिहिताना मात्र २ आधी येतो. म्हणून कितीतरी मुले २५ च्या जागी ५२ लिहितात. ती मंद नसतात. आपल्या आकड्यांची नावेच तशी आहेत. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' असे वाचन दिले. त्यावर राज्यभर वाद झाला. वाद काहीही असो, घरचा उपाय सोपा आहे.

झाडूच्या काड्या घ्या. दहा-दहांच्या जुड्या बांधा. मुलाच्या शेजारी बसा. समोर बसलात तर तुमचे डावे ते त्याचे उजवे होते. दोन जुड्या डावीकडे, पाच सुट्या काड्या उजवीकडे ठेवा. वीस आणि पाच, पंचवीस. मग म्हणा, "आता बावन्न कर बघू." दोन्हींतला फरक त्याला डोळ्यांनी दिसेल.

चुकले तर मारू नका. भ्यालेले मूल उत्तर शोधत नाही. ते मोठ्यांच्या तोंडाकडे बघते. पुढे त्याला शाळाही नकोशी होते.

१९७५ साली सरकारने अंगणवाड्यांची योजना सुरू केली. आता त्या देशभर आहेत. तीन वर्षांच्या मुलाला तिथे घाला. आज काय शिकवले, हे बाईंना विचारा आणि तेच घरी खेळा. रोज पाव तास पुरे. मुलाबरोबर तुमचेही वाचन पक्के होईल.