मालक नसलेले क्लब

जिआंग्सू या क्लबानं २०२० च्या नोव्हेंबरात चीनच्या सुपर लीगचं विजेतेपद पटकावलं आणि पुढच्याच फेब्रुवारीत आपलं कामकाज बंद केलं. सुनिंग या मालक कंपनीला खर्च पेलेनासा झाला होता. आठ वेळा लीग जिंकलेला ग्वांगझो कर्जाच्या ओझ्याखाली २०२५ च्या जानेवारीत संपला. आपल्याकडेही हेच घडलं. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आलेला पुणे एफसी पुढे फार काळ टिकला नाही. चेन्नई सिटीनं २०१८-१९ ची आय-लीग जिंकली. तोही आज राष्ट्रीय स्पर्धांत नाही.

संपादकांनी मला अशा बुडालेल्या क्लबांवर लिहायला सांगितलं होतं. यादी करता करता मला न बुडालेल्यांचं कुतूहल वाटू लागलं आणि मी कोल्हापूरची वाट धरली. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. यांतला एकही संघ देशाच्या वरच्या लीगमध्ये नाही. तरीही पिढ्यान्‌पिढ्या ते खेळत आले आहेत.

इतिहास थोडक्यात सांगता येतो. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबाग मैदान उभारलं, आणि पेठापेठांतल्या तालमी भरभराटीला आल्या. संस्थानी काळातच इथे फुटबॉल रुजला. लाल मातीत घुमणारी पोरं चेंडूमागे धावू लागली आणि आखाड्यातली ईर्षा मैदानात उतरली. छत्रपती घराण्याचा आश्रय या खेळाला आजही आहे. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली केएसए, वरिष्ठ गटाच्या सोळा संघांची लीग शाहू स्टेडियमवर भरवते. लीगच्या जोडीला बाद फेरीच्या स्पर्धा होतात आणि पाऊस आला की हंगाम संपतो.

मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवलं ते खेळाडू नोंदणीनं. हंगामाआधी केएसएच्या कार्यालयात प्रत्येक संघ आपल्या खेळाडूंची नोंद करतो. एकदा सही झाली की तो हंगाम त्याच संघाचा. हा कागदी सोपस्कार कोल्हापुरात पेठेच्या अब्रूचा प्रश्न होतो. कोण कुठे चालला, कुणाला कुणी गळ घातली, कोण घरच्या तालमीत परतला, याची चर्चा कट्ट्याकट्ट्यावर रंगते. खेळाडू संघ बदलतो तेव्हा तो शेजार बदलतो, कारण सकाळी दूध आणायला निघाल्यावर त्याला जुन्या पेठेतली माणसं भेटणारच असतात.

तालीम हा संघाचा पाया आहे. तिथेच गणपती बसतो, तिथेच व्यायाम होतो, अडल्यानडल्याला तिथलीच पोरं धावून येतात. वर्गणी घरोघरी फिरून जमते. त्यामुळे संघ हरला तरी गुंतवणूक बुडाली म्हणून कुणी दार लावून घेत नाही. कंपनीच्या क्लबात ताळेबंद बिघडला की पहिली कुऱ्हाड संघावर पडते. इथे संघ हा ताळेबंदाचा भागच नाही. विश्वचषकाच्या दिवसांत गल्ल्यांवर ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे चढतात, मेस्सीचे उंच फलक लागतात, पण एरवी या गल्ल्यांचं काळीज आपल्याच पेठेतल्या अकरा पोरांत असतं. याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतासाठी खेळला. रिक्षाचालकाच्या या मुलाचं रीतसर प्रशिक्षण मात्र पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत झालं.

माझी काळजी इथून सुरू होते. नाद अफाट असलेल्या गावाला हुशार पोरगा बाहेर पाठवावा लागतो, कारण घरी मैदानं अपुरी आहेत. एका शाहू स्टेडियमवर सगळ्या स्पर्धांचा भार पडतो. लीग जिंकून वर जाण्याचा सरळ रस्ताही या संघांपुढे नाही. शहरातलं अजिंक्यपद हीच मोठी मजल ठरते.

दुसरी काळजी पैशाची. नेत्यांच्या आणि प्रायोजकांच्या नावांचे चषक आले, बक्षिसं वाढली, बाहेरचे आणि परदेशी खेळाडू आले. खेळाचा दर्जा त्यानं उंचावला, हे मान्यच. पण प्रत्येक जागा विकत भरली, तर तालमीत चेंडू घेऊन येणाऱ्या बारा वर्षांच्या पोराला आपल्या संघाच्या जर्सीचं स्वप्न कुठून पडावं? आणि देणारा हात उद्या आखडला तर जिआंग्सूचंच नशीब पेठेच्या वाट्याला येईल.

तिसरी काळजी सर्वांत जड. ईर्षेची खुन्नस होते, तेव्हा गॅलरीतून दगड येतात, बाटल्या येतात. सामने थांबवावे लागले आहेत, कारवाया झाल्या आहेत, मोठ्या लढतींना पोलिसांचा कडक बंदोबस्त लागतो. मैदानातलं भांडण गल्लीत पोहोचलं की आया पोरांना स्टेडियमवर पाठवायला कचरतात. बंदी घालणं केएसएच्या हातात आहे. पण दगड उचलणारा हात ओळखतो तो त्याच्याच मंडळातला थोरला. तोच त्याला घरी जाऊन चार शब्द सुनावू शकतो.

म्हणून माझं मागणं तालमींच्या थोरल्यांकडे आहे. वर्गणीतला ठरावीक वाटा लहान गटाच्या संघावर खर्च व्हावा, दरवर्षी पेठेतली काही पोरं वरिष्ठ संघात उतरावीत आणि गॅलरीतल्या आपल्या माणसांची जबाबदारी मंडळानं उघडपणे घ्यावी. कंपनीच्या मालकाला क्लब विकून मोकळं होता येतं. पेठेला ती सोय नाही, कारण हे संघ तिचे आहेत.