पुरुष आला की उंदीर घाबरतो!

गुलमंडीच्या बाजारातल्या दुकानात उंदीर दिसला की आधी झाडू शोधला जातो. प्रयोगशाळेच्या अ‍ॅनिमल हाउसमध्ये उलटा न्याय! तिथे उंदराच्या खोलीत शिरण्याआधी माणसानंच अ‍ॅप्रन, हातमोजे, मास्क चढवायचा.

का? तर उंदराच्या मूत्रामुळे. त्यातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी येते आणि नराच्या मूत्रात ती मादीपेक्षा जास्त असतात. पिंजऱ्यातला भुसा झटकला की ती धुळीबरोबर उडतात. आधी शिंका, मग लाल डोळे, पुढे थेट दमा.

उंदरालाही आपला त्रास होतोच. कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं, की पुरुष जवळ आला की उंदरांवर ताण येतो. पुरुषानं घातलेला टी-शर्ट नुसता शेजारी ठेवला तरी तेच! बाई आली तर तसं होत नाही. (घरोघरच्या गृहिणींनी यावर हवं ते म्हणावं.)

पकडण्याचीही रीत आहे. पांढरा छोटा उंदीर शेपटीच्या बुडाशी धरून पिंजऱ्याच्या जाळीवर ठेवायचा. तो पुढे पळायला बघतो, पायांनी जाळी घट्ट धरतो. तेवढ्यात अंगठा आणि तर्जनीनं मानेमागची सैल कातडी चिमटीत घ्यायची, शेपूट करंगळीखाली दाबायची. आता त्याला मान वळवून चावता येत नाही. शेपटीचं टोक धरून उचलणं मात्र चूक. कातडी सोलून निघू शकते.

इंजेक्शन दिल्यावर सुईला पुन्हा टोपण लावायला जाऊ नका, बोटात घुसते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे ती पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात टाकायची.

आता माकडं. गुलमंडीतल्याच सुपारी हनुमानाला हात जोडून पुढे वाचा. कोरोनावरच्या कोव्हॅक्सिन लशीच्या चाचणीसाठी २०२० मध्ये २० ऱ्हीसस माकडं हवी होती. लॉकडाउनमध्ये ती जंगलात पांगली होती. शोधाशोध करता करता नागपूरच्या बाजूला सापडली. मग पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतली माणसं बंदिस्त प्रयोगशाळेत १०-१२ तास अन्नपाण्याविना राबली. यावरच्या ‘द व्हॅक्सिन वॉर’ सिनेमात नाना पाटेकर आहेत.

एवढी काळजी उगाच नाही. याच संस्थेनं, तेव्हाच्या व्हायरस रिसर्च सेंटरनं, १९५७ मध्ये कर्नाटकात माकडतापाचा विषाणू शोधला. तो हाताळताना प्रयोगशाळेतली माणसंही तापानं पडल्याच्या नोंदी आहेत. माकडाला किरकोळ फोड आणणारा बी-विषाणू तर माणसाच्या मेंदूवर जातो. १९९७ मध्ये अमेरिकेत २२ वर्षांच्या एका मुलीच्या डोळ्यात माकडाच्या पिंजऱ्यातला शिंतोडा उडाला आणि काही आठवड्यांत ती गेली.

फार्मसी-प्राणिशास्त्राच्या पोरापोरींनो, प्रॅक्टिकलच्या पहिल्याच दिवशी डोळे धुवायचा नळ कुठे आहे ते बघून ठेवा. काही उडालंच, तर १५ मिनिटं डोळा धुवा आणि तडक डॉक्टरकडे जा.