अंगठ्यापासून सहीपर्यंत: मोठेपणी शिकताना ओळख कशी बदलते?

सोलापुरात हजारो महिला विड्या वळून घर चालवतात. पानं-तंबाखू किती मिळाला, विड्या किती भरल्या, त्यातल्या किती छाटल्या गेल्या, हा हिशेब त्यांना ठेवावाच लागतो. तरी शाळेत न गेलेली बाई अनेकदा स्वतःबद्दल म्हणते, 'मी अडाणी.' असं का?

हा शिक्का येतो कुठून?

शाळेत फक्त बाराखडी शिकवली जात नाही. हुशार कोण आणि 'ढ' कोण, हेही तिथेच ठरतं. शाळा सुटली तरी हा शिक्का सुटत नाही आणि जे शाळेत गेलेच नाहीत, ते 'अंगठाबहाद्दर' ठरतात. 2011 च्या जनगणनेनुसार सोलापूर जिल्ह्याची साक्षरता सुमारे 77 टक्के होती. महिलांची त्याहून कमी. गरिबी, लहानपणीच अंगावर पडलेलं काम, लवकर झालेलं लग्न अशी यामागची कारणं. पण कमीपणा वाटतो तो शिकायला न मिळालेल्या माणसालाच.

मोठेपणी शिकल्यावर काय बदलतं?

ठाणे जिल्ह्यातल्या फांगणे गावात 8 मार्च 2016 रोजी 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. गुलाबी नऊवारी हा गणवेश, पाठीवर दप्तर. नातवंडांच्या आज्या स्वतः विद्यार्थिनी झाल्या. सही करता आली की बँकेत शाईचा पॅड मागावा लागत नाही. कागदावर स्वतःचं नाव स्वतः लिहिता येतं.

पण उलटंही होऊ शकतं का?

हो. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ माल्कम नोल्स यांची मांडणी अशी, की प्रौढ माणूस अनुभव घेऊन वर्गात येतो आणि आपले निर्णय आपण घेतो, असं स्वतःकडे पाहतो. त्याला लहान मुलासारखं दटावलं, तर जुना शिक्का आणखी गडद होतो. म्हणून विड्यांच्या हिशेबापासून गणित आणि वीजबिलापासून वाचन सुरू करणं जास्त उपयोगाचं.

तुम्ही काय करू शकता?

केंद्राचा 'उल्लास' कार्यक्रम (2022-27) 15 वर्षांवरील निरक्षरांसाठी आहे. शिकवण्याचं काम स्वयंसेवक करतात, शेवटी 150 गुणांची चाचणी होते. सरकारने 'प्रौढ शिक्षण' हा शब्द बदलून 'सर्वांसाठी शिक्षण' केला आहे. उल्लास अ‍ॅपवर तुम्हीही स्वयंसेवक म्हणून नोंदणी करू शकता. शिकवायला बसलात, तर 'काय येत नाही?' ऐवजी 'काय येतं?' हे आधी विचारा.