ताटे उचलल्यावर गोड काय?

मराठी जेवण देणाऱ्या एखाद्या उपाहारगृहात गेलात, तर मेन्यूकार्डाचे शेवटचे पान जरूर वाचा. आधीच्या पानांवर थालीपीठ, भरली वांगी, डाळिंबी उसळ, मसालेभात असे सगळे घरचे गोत जमलेले असते, आणि शेवटच्या पानावर एकदम गुलाबजाम व तीन रंगांची आइस्क्रीम! कार्यात सगळी आपली माणसे राबावीत आणि निरोपाचा नारळ मात्र परक्याने हातावर ठेवावा, तसे काहीसे वाटते.

याला कारण आहे. आपल्या जेवणात शेवटी खायच्या गोडाला वेगळी जागाच नाही. पंगत आठवून पाहा. वरणभात झाला की पक्वान्न फिरू लागते आणि मग ते सगळ्या जेवणभर सोबत असते. श्रीखंड पुरीशी खायचे, बासुंदीही पुरीशी, जिलेबीला मठ्ठ्याची जोड आणि पुरणपोळी तर स्वतःच पोळी. जेवणाचा शेवट होतो तो ताकभाताने किंवा दहीभाताने, मग विडा. 'डेझर्ट' हा शब्द मुळात फ्रेंच, ताटे उचलून टेबल मोकळे करणे या अर्थाच्या क्रियापदापासून आलेला. म्हणजे ताटे उचलल्यावर जे येते ते डेझर्ट. आपल्याकडे ताटे उचलायच्या वेळी माणसे हात धुवायला उठलेली असतात.

हॉटेलातले गिऱ्हाईक मात्र हात धुऊन परत टेबलाशी येऊन बसते आणि विचारते, "स्वीटमध्ये काय आहे?"

आमच्या परिचयातल्या एका जोडप्याचे उपनगरात बारा टेबलांचे भोजनगृह आहे. जेवण उत्तम, गर्दीही बरी. पण रविवारी संध्याकाळी चौघांचे कुटुंब पोटभर जेवते, पैसे देते आणि कोपऱ्यावरच्या आइस्क्रीमच्या दुकानात जाऊन निम्म्या बिलाइतके पैसे तिथे ठेवते. भाडेकराराचे नूतनीकरण जवळ आलेले, भाडे वाढणार हे ठरलेले. तेव्हा गोडाचे पान नव्याने मांडायचे ठरले. अटी दोन : स्वयंपाकघरात आणखी एकच फ्रिज मावेल, आणि नवे पदार्थ तीनच. एका सोमवारी, हॉटेल बंद असताना, आम्हा चार-पाच जणांना चवी घ्यायला बोलावले होते. फुकट गोड खायला मिळणार म्हणून गेलो आणि दोन तास फ्रिज, गॅस व माणसांचे हिशेब ऐकत बसलो.

आधी गुलाबजामला न्याय द्यायला हवा. तो सगळीकडे आहे तो केवळ लोकांना आवडतो म्हणून नव्हे. साखरेच्या पाकात तो टिकतो, गरम करून देता येतो, आणि वाटीत दोन टाकून टेबलावर न्यायला कसबी हात लागत नाही. आइस्क्रीमचे तर त्याहून सोपे; कंपन्या पुष्कळदा फ्रीझरची पेटीही देतात. हॉटेलातला गोड पदार्थ जिभेच्या आधी या परीक्षेला बसतो. रात्री साडेनऊला सगळी टेबले भरलेली असताना तो एका मिनिटात देता येईल का? आज उरला तर उद्या चालेल का? आणि करणारे माणूस रजेवर गेले तर?

या परीक्षेत आपली भलीभली पक्वान्ने नापास होतात. पुरणपोळी घ्या. पुरण एक-दोन दिवस फ्रिजमध्ये राहते, पण पोळी ऐनवेळी लाटून भाजायची, म्हणजे साध्या पोळ्यांचा तवा अडकणार. शिवाय थाळी जेवलेल्या माणसापुढे पुरणपोळी ठेवणे हा अत्याचार आहे. ती तूप-दूध आणि कटाच्या आमटीबरोबर मुख्य जेवण म्हणूनच शोभते. म्हणून तिला शेवटच्या पानावरून काढून रविवारच्या खास थाळीत बसवले. जिलेबीसाठी वेगळी कढई आणि तिच्यापाशी उभा राहणारा वेगळा माणूस हवा. तिची चर्चाही झाली नाही.

खरवसावर मात्र घमासान झाले. सगळ्यांना तोच हवा होता. परंतु चीक मिळतो गाय किंवा म्हैस व्याल्यावर पहिले दोन-चार दिवस. त्यावर पहिला हक्क वासराचा, उरेल तो आपला. पहिल्या दिवसाचा चीक इतका दाट, की त्यात दूध मिसळावे लागते. मग गूळ, वेलची, जायफळ घालून वाफवायचा. हे सारे बाराही महिने ठरल्या दिवशी कसे मिळणार? त्यावर एकाने तोडगा सुचवला, की डब्यातले घट्ट गोड दूध आणि दही एकत्र करून वाफवले तर वडी हुबेहूब पडते. पडते खरी, आणि चवीला वाईटही लागत नाही. बंगाली घरांत वाफवलेले गोड दही मोठ्या आवडीने खातात. पण मग त्याला वाफवलेले दही म्हणा, खरवस कशाला म्हणता? ज्याने आजीच्या हातचा खरवस खाल्ला आहे तो पहिल्याच घासाला ओळखेल, आणि ज्याने खाल्ला नाही तो आयुष्यभर यालाच खरवस समजेल. दुसरे अधिक वाईट, असे माझे मत मी तिथे मांडले. शेवटी 'खरवस – असेल त्या दिवशी' एवढी ओळ कार्डावर घालावी, आणि ती तीन पदार्थांत धरू नये, असे ठरले.

श्रीखंडाला कोणाचाच विरोध नव्हता. चक्का आदल्या रात्री टांगता येतो, श्रीखंड फ्रिजमध्ये काही दिवस राहते, वाढायला डाव पुरतो. अडचण उलटीच होती. वारणानगरच्या आणि इतर डेअऱ्यांच्या डब्यांनी श्रीखंड इतके घरोघर पोचवले आहे, की हॉटेलात त्यासाठी वेगळे पैसे का मोजावेत? यजमानीणबाईंनी यावर बोलून दाखवण्याऐवजी दोन वाट्या पुढे ठेवल्या. एक डब्यातले, दुसरे घरी टांगलेल्या म्हशीच्या दह्याचे, साखर बेताची, केशर व जायफळ. दुसऱ्यात आंबटपणा शिल्लक होता. श्रीखंडात दह्याची आठवण राहिली पाहिजे, हे आपण गोडाच्या नादात विसरत चाललो आहोत. पहिली जागा तिथेच भरली.

खरा प्रश्न वाटीच्या आकाराचा निघाला. थाळी जेवलेल्या माणसाला वाटीभर श्रीखंड नको असते, पण चार चमचे हवे असतात. मधुमेहाच्या भीतीने नको म्हणणारे आजोबाही नातवाच्या वाटीत चमचा घालतातच! तेव्हा वाटी छोटी, किंमतही छोटी. पूर्ण वाटी दोघांत एक मागवली जाते. छोट्या वाट्या चौघांच्या चार जातात. हे गणित यजमानांनी कागदावर मांडून दाखवले, आणि त्या दुपारचा सगळ्यात उपयोगी निर्णय बहुधा हाच.

दुसऱ्या जागेसाठी इराण्याच्या हॉटेलातले कॅरमल कस्टर्ड आणि गोव्याची बेबिंका यांची नावे निघाली. मुंबईत बॅलार्ड इस्टेटमधले १९२३ सालचे ब्रिटानिया बेरी पुलावासाठी प्रसिद्ध, पण त्यावर कॅरमल कस्टर्ड मागवणारे निष्ठावंत तिथे पुष्कळ. बेबिंका तर हॉटेलवाल्यासाठीच घडवल्यासारखी. नारळाचे दूध, अंड्याचे बलक, साखर, मैदा आणि तूप. एकेक थर वरून आच देऊन तांबूस भाजायचा, मग पुढचा ओतायचा. परंपरेने सात थर, हौशी लोक सोळापर्यंत जातात. करायला दिवस मोडतो, पण टिकते छान आणि वाढायची म्हणजे नुसती कापायची. गोव्याच्या बेबिंकेला २०२३ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण दोन्हींत अंडे, आणि हे भोजनगृह शाकाहारी. विषय तिथेच संपला.

मग बासुंदी आली. ती बाराही महिने ठेवायची आणि हंगामात तिच्यात सीताफळ घालायचे. इथे एक बारकावा ध्यानात ठेवण्यासारखा आहे : सीताफळाचा गर शिजवला तर कडवटतो. दूध आटवून पूर्ण गार झाल्यावरच तो मिसळायचा. आटवायला तास-दीड तास एक माणूस ढवळत उभा हवा, तोही सकाळी, शेगड्या रिकाम्या असताना. उरलेली किती दिवस चालेल, यावर नवरा-बायकोत किंचित खटका उडाला. सुट्या मिठाईवर 'कधीपर्यंत खावी' ती तारीख लावण्याची सक्ती मिठाईवाल्यांना १ ऑक्टोबर २०२० पासून झाली. हॉटेलातल्या वाटीवर अशी चिठ्ठी नसते, म्हणून तर मालकानेच ती मनात लावून घ्यायला हवी, असे बाईंचे म्हणणे. बासुंदी दुसऱ्या रात्रीनंतर ठेवायची नाही, असे ठरले.

तिसरी जागा उकडीच्या मोदकाची. याबद्दल दुमत नव्हते, भीती होती. उकड गार झाली की घट्ट होते, फ्रिजमध्ये ठेवली तर तांदळाचे पीठ आणखी कडक बनते. म्हणून मोदक करायचा तो त्याच दिवशी खपवायचा. आणि पाऱ्या करणार कोण? इथे पोळ्या करणाऱ्या मावशींच्या हाताला ती कला आहे. पण मावशींची साठी उलटली आहे, गुडघे दुखतात आणि गणपतीत त्या गावी जातात.

"मावशी, तुम्ही नसाल त्या दिवशी काय करायचं?" बाईंनी विचारले.

"नसेन त्या दिवशी नाही ठेवायचे. नाहीतर कुणाला तरी शिकू दे की! मी काय मुठीत धरून बसलेय?"

कुणाला, हा प्रश्न होताच. मावशींच्या दोन्ही सुना कचेरीत जातात. त्यांना कोणी दोष देऊ नये. तेवढ्यात भांड्यांपाशी असलेला ओडिशाचा मुलगा हात पुसत पुढे आला. हे आमच्याकडेही करतात, म्हणाला. त्याच्या आईच्या हातचा मंडा पिठा म्हणजे तांदळाच्या उकडीत गूळखोबरे भरून वाफवलेला गोळाच, फक्त कळ्या नाहीत. उकड किती मळायची हे त्याला सांगावे लागले नाही. मावशींनी त्याला शेजारी बसवले. पहिला मोदक फाटला, दुसरा बसका झाला, तिसऱ्याला सात कळ्या पडल्या. मावशींच्या मोदकाला सतरा असतात.

"हाताला तेल लाव रे, आणि चिमूट बारीक घे," एवढेच त्या म्हणाल्या.

मोदक सध्या फक्त मंगळवारी आणि संकष्टीला ठेवतात, चाळीसच. वीस मावशींचे, वीस त्याचे.