कैदेतली ऐयारा : ‘चंद्रकांता’चे पुनर्वाचन

देवकीनंदन खत्री (१८६१–१९१३) यांची ‘चंद्रकांता’ ही हिंदी कादंबरी १८८८ च्या सुमारास प्रसिद्ध झाली. बहुतेक मराठी घरांत ती पोहोचली १९९४ मध्ये सुरू झालेल्या दूरदर्शन मालिकेमुळे. आपल्या आठवणीत त्यातून उरले दोघे : ‘यक्कू’ म्हणणारा क्रूरसिंह आणि कुणीतरी सोडवून आणावी अशी देखणी राजकन्या. मूळ पुस्तकात मात्र कोंडलेली बाई इतकी निमूट बसलेली नाही.

ते समजण्यासाठी आधी ‘ऐयार’ म्हणजे कोण, हे पाहायला हवे. शब्द मूळ अरबी. अर्थ भटक्या, लुच्चा, बदमाश. नवव्या शतकातल्या बगदादमध्ये रस्त्यावरच्या दांडगट टोळ्यांना तो लावला जाई. फारसी-उर्दू दास्तानांत आल्यावर या लुच्च्याला प्रतिष्ठा मिळाली. अमीर हमजाचा सोबती अमर ऐयार हा त्यांचा मुकुटमणी. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे खंड काढले. त्यात सरसर नावाची तडफदार ऐयारा आहे. पण ती चाकरी करते जादूगारांचा बादशहा अफरासियाब याची, म्हणजे शत्रूची.

खत्रींनी जागा बदलली. त्यांच्या ऐयारा, चपला आणि चंपा, नायिकेच्या मैत्रिणी आहेत. आपल्याकडचा बहुरूपी, हेर आणि जडीबुटीचा जाणकार एकाच माणसात कालवला तर ऐयार तयार होईल. त्याच्या बटव्यात बेशुद्धीचे औषध, शुद्धीवर आणणारा लखलखा, रंगरंगोटीचे सामान. हाताशी कमंद, म्हणजे भिंत चढायचा दोर. सावज बेशुद्ध करायचे, गाठोड्यात बांधायचे आणि पाठीवर टाकून रान गाठायचे, हा त्याचा नेहमीचा उद्योग. चपला या विद्येत पुरुषांच्या बरोबरीने उभी आहे.

या धंद्याचा एक दंडक कादंबरीत वारंवार येतो : ऐयाराला ठार मारायचे नाही, फक्त कैद करायचे. सगळे कथानक या दंडकावर चालते. मृत्यू दूर ठेवला की उरते पकडणे आणि सुटणे. पकडलेल्या ऐयाराच्या कौशल्याला किंमत असते. जिंकणारा राजा त्याला आपल्या चाकरीत घेऊ पाहतो. लुच्चेगिरी हीच त्याची ढाल.

राजकन्येला अशी ढाल नाही. चुनारचा राजा शिवदत्त चंद्रकांतेला पळवून नेतो, तो तिच्या रूपासाठी. तिला धाक बंदिवासाचा आहे, त्याहून अधिक जबरदस्तीच्या लग्नाचा. त्या कैदेत चपला तिच्यासोबत आहे. पुढे एका पडक्या इमारतीत दगडी बगळा चंद्रकांतेला गिळतो आणि ती तिलिस्मात, म्हणजे मंतरलेल्या यंत्रांच्या चक्रव्यूहात, अडकते. आता राजपुत्र वीरेंद्रसिंहाने तिलिस्म फोडायचा आणि तिला आणायचे, एवढेच बाकी आहे असे वाचकाला वाटते.

याच वेळी एक ‘वनकन्या’ कथेत शिरते. घोड्यावरून येते, वीरेंद्रसिंहाला मदत करते, नाहीशी होते. तो तिच्याकडे ओढला जातो आणि त्याबद्दल स्वतःलाच दोष देतो. अखेरीस उलगडा होतो की वनकन्या म्हणजे चंद्रकांताच. ज्या बंदिवान स्त्रीसाठी सगळी धावपळ चालली होती, ती वेष पालटून त्याच धावपळीत वावरत होती. तिला बाहेर काढण्यात सिद्धनाथ योगी झालेल्या जीतसिंहाचा हात आहे, हे खरे; पण वेषांतर ही ऐयाराची विद्या आहे. राजकन्या असताना तिला कोंडता आले. ऐयारीचा मार्ग धरल्यावर ती मोकळी फिरली.

खत्रींना स्त्रीमुक्तीचे पुढारी ठरवण्याची घाई करू नये. कादंबरी लग्नांवर संपते : चपला तेजसिंहाची, चंपा देवीसिंहाची पत्नी होते. पण ‘चंद्रकांता संतति’त त्यांचीच मुले, भैरोसिंह आणि तारासिंह, ऐयारी करतात, आणि कमलिनीसारखी नवी ऐयारा पुढे येते. लेखकाला हे पात्र सोडवले नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी हिंदी साहित्याच्या इतिहासात खत्रींना वाचक घडवण्याचे श्रेय दिले, पण या कादंबऱ्यांना साहित्याच्या पंक्तीत बसवले नाही. त्या निवाड्याने आपलेही वाचन बिघडवले. अद्भुतरम्य म्हटले की आपण घटना मोजतो आणि माणसे पाहायचे विसरतो. ‘चंद्रकांता’ पुन्हा हाती घेणाऱ्याने तिलिस्माची दारे जरूर मोजावीत. पण ती उघडली जात असताना आतली स्त्री कुठे आहे आणि कोणत्या वेषात आहे, यावरही नजर ठेवावी.