टीव्हीखालच्या कपाटाला पंखा कशाला?

रात्री टीव्ही बंद केल्यावर सेट-टॉप बॉक्सवर हात ठेवून पाहा. तो अजून कोमट लागेल. अशा उपकरणांनी घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. म्हणजे शंभर वॉट खाणारा अॅम्प्लिफायर कपाटात कोंडणं म्हणजे आत शंभर वॉटचा जुना पिवळा बल्ब लावून दार लोटून घेणंच!

तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, फळीला अडते आणि तिथेच साचते. चुलीचा धूर बाहेर जावा म्हणून जुन्या घरांत वर धुराडं असे आणि ताजी हवा दारातून येई. कपाटालाही हेच हवं: पुढे खाली फट, मागे वर हवा बाहेर फेकणारा पंखा. पंखा हवा गार करत नाही, नुसती हलवतो; म्हणून खालची फट विसरू नका. कॉम्प्युटरमधला 120 मिलिमीटरचा पंखा उत्तम. मोठं पातं सावकाश फिरूनही भरपूर हवा काढतं, आवाजही कमी.

हा खटाटोप करावाच. उपकरणांतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान 10 अंशांनी वाढलं की साधारण निम्म्यावर येतं.

पंखा बसवला की खालच्या फटीशी पेटती उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला, तर काम नीट झालं.