तंबोऱ्याची जवारी आणि हॉलमधले स्पीकर

१९५३ साल पुण्याच्या कानांसाठी भाग्याचं होतं. त्या वर्षी भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला आणि २ ऑक्टोबरला आकाशवाणीचं पुणे केंद्रही बोलू लागलं. मंडपात ऐकलेलं गाणं घरी येऊन पुन्हा ऐकायचं, कधी रेडिओवर, कधी तबकडीवर, कधी कॅसेटवर, ही सवय इथल्या अनेक घरांत रुजली ती तेव्हापासून. पुढे तबकड्या माळ्यावर गेल्या, कॅसेट गेल्या, सीडीही मागे पडल्या. स्पीकरची जोडी मात्र कितीतरी घरांत वीस-पंचवीस वर्षं तीच आहे. गाणं आता मोबाइलवरून लागतं, आणि ऐकणारा म्हणतो, ‘पूर्वीसारखा आवाज येत नाही.’

या तक्रारीवर तीन सल्ले हमखास मिळतात: अँप्लिफायर मोठा घ्या, वायर जाड घाला, वूफर बदला. तिन्ही खर्चाचे आहेत आणि बहुतेक वेळा तिन्हींची वेळ अजून आलेली नसते. आधी स्पीकरची जागा, मग खोली, मग वयोमानाने झिजलेले भाग आणि या सगळ्यानंतर नवी खरेदी, असा क्रम धरला तर निम्म्याहून अधिक काम फार कमी पैशांत होतं. हा क्रम कशामुळे, हे समजून घ्यायला आपल्या संगीतातलं सर्वांत साधं वाद्य पुरेसं आहे.

तंबोरा. अनेक पुरुष गायक काळी एकमध्ये किंवा तिच्या आसपास गातात. काळी एकचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा, म्हणजे तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झच्या जवळ. पाच इंची वूफर असलेला छोटा स्पीकर इतक्या खाली जाताना दमतो. तरीही त्यावर खर्ज ऐकू येतो, कारण तंबोऱ्याची ताकद मूळ स्वरापेक्षा त्याच्या वरच्या स्वरांशांत अधिक असते आणि ते स्वरांश ऐकून मेंदू तळाचा स्वर स्वतः उभा करतो. घोडीच्या रुंद, किंचित गोलसर पृष्ठभागामुळे आणि तारेखाली सरकवलेल्या दोऱ्यामुळे, म्हणजे जिव्हाळीमुळे, तार झंकारताना घोडीला पुन्हा पुन्हा स्पर्श करते. त्यातून स्वरांशांची ती दाट झालर तयार होते, जिला आपण जवारी म्हणतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. साध्या तारेत जे स्वरांश छेडण्याच्या जागेमुळे गायब व्हायला हवेत, तेही तंबोऱ्यात वाजतात, असं त्यांना आढळलं.

ही झालर काही हजार हर्ट्झपर्यंत पसरलेली असते. घरगुती स्पीकरमध्ये वूफरचं काम संपून ट्वीटरचं सुरू होतं ते बहुधा दोन ते साडेतीन हजार हर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे जवारीच्या ऐन मध्यावर. त्या सांध्यात काही बिघडलं तर बेसच्या धमाक्यावर मुळीच कळत नाही. तंबोऱ्यावर लगेच कळतं. म्हणून घरच्या स्पीकरची परीक्षा घ्यायची तर ओळखीच्या गायकाचं, ओळखीचं, शांत ध्वनिमुद्रण लावावं आणि आधी मागचा तंबोरा ऐकावा.

आता खोली. पुण्यातल्या सर्वसाधारण फ्लॅटचा हॉल घ्या: बारा फूट लांब, दहा फूट रुंद, उंची साडेनऊच्या आसपास. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ठरावीक लांबीची ध्वनिलहर अडकते आणि तेवढाच स्वर फुगतो. हिशेब सोपा आहे: आवाजाच्या वेगाला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागायचं. बारा फुटांसाठी उत्तर येतं ४७ हर्ट्झ, दहा फुटांसाठी ५६, आणि जमीन-छतामधल्या साडेनऊ फुटांसाठी ५९. रुंदी आणि उंची यांचे आकडे जवळजवळ एकावर एक बसतात, म्हणून अशा हॉलमध्ये पंचावन्न-साठ हर्ट्झच्या पट्ट्यात एक घुमारा उठतो. डग्ग्याची मींड त्या पट्ट्यापर्यंत उतरली की एखादा ठोका सुटा होऊन अंगावर येतो. दोष वूफरचा नसतो. वूफर बदलला तरी घुमारा तिथेच राहतो, कारण तो भिंतींचा आहे.

त्याला पहिला उतारा म्हणजे स्पीकर हलवणं. कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर दोन भिंती आणि जमीन अशा तिघांचा जोर घेतो आणि बेस अकारण वाढवतो. भिंतीपासून दूर आणताना मात्र दुसरी गोष्ट घडते. मागे गेलेला आवाज भिंतीवर आपटून परततो आणि एका ठरावीक स्वराला खोडून काढतो. स्पीकरचा पुढचा भाग भिंतीपासून साठ सेंटिमीटरवर असेल तर ही खोडाखोड १४३ हर्ट्झच्या जवळ होते. म्हणजे काळी एकच्या षड्जाच्या अगदी शेजारी. म्हणून नियम पाठ करण्यापेक्षा स्पीकर वीतभर पुढे-मागे करत ऐकत राहणं चांगलं. ऐकणाऱ्याची जागाही महत्त्वाची: पाठीमागच्या भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर बेस सर्वांत जास्त साचतो. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा आणि ट्वीटर कानाच्या उंचीवर यावा. इथे आपल्या घरांची बैठक आडवी येते. सोफ्यावर कान सव्वातीन-साडेतीन फुटांवर असतात, तर गादीवर मांडी घालून बसलं की अडीच-पावणेतीन फुटांवर. भारतीय बैठकीवरून ऐकणाऱ्याने बाजारात मिळतात ते उंच स्टँड घेण्याऐवजी सुताराकडून कमी उंचीचे करून घ्यावेत, किंवा स्पीकर किंचित खाली कलते ठेवावेत. या एवढ्याने ट्वीटरचा आवाज उघडतो.

मग भिंती आणि जमीन. गिलाव्याच्या भिंती, व्हिट्रिफाइड टाइल, सरकत्या काचा. नव्या फ्लॅटमध्ये आवाज शोषून घेणारं जवळपास काही नसतं. वॉलेस सबीन या भौतिकशास्त्रज्ञाने १८९५नंतर हार्वर्ड विद्यापीठात यावर पहिलं पद्धतशीर काम केलं. एका नव्या सभागृहात व्याख्यान ऐकूच येत नव्हतं, तेव्हा शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या त्याने रात्री वाहून आणल्या आणि एकेका गादीने घुमणारा आवाज किती लवकर विरतो ते मोजलं. आपल्याकडे गादी, सतरंजी, जाड पडदा आणि पुस्तकांनी भरलेलं कपाट यांनी तेच काम होतं. जिथून आवाज पहिल्यांदा परततो त्या बाजूच्या भिंतीवर पुस्तकांचं कपाट आलं की गायकाचे शब्द स्वच्छ होतात. पण एक मर्यादा लक्षात ठेवावी. हजार हर्ट्झची लहर जेमतेम एक फूट लांब असते, तर शंभर हर्ट्झची सव्वाअकरा फूट. पडदा आणि सतरंजी वरच्या स्वरांना आवरतात. खालच्या घुमाऱ्याला त्यांचा पत्ताही लागत नाही. खोलीभर कापड लावलं तर ट्वीटर मंद होतो आणि बेस तसाच दणकत राहतो, तेव्हा अतिरेक नको.

इतकं झाल्यावर स्पीकर उघडावा. उघडण्याआधी अँप्लिफायरची वायर काढलेली हवी. स्पीकरच्या आतलं काम त्यामुळे सुरक्षित होतं. अँप्लिफायरचं झाकण ही वेगळी गोष्ट आहे. त्याचे मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही विद्युतभार धरून ठेवतात, आणि वॉल्व्हच्या अँप्लिफायरमध्ये तर काहीशे व्होल्ट असतात. तिथे जाणकार कारागिराखेरीज कोणी हात घालू नये.

जुन्या स्पीकरमध्ये सर्वांत आधी जातो तो वूफरच्या कोनाभोवतीचा फोमचा कडा. पॉलियुरेथेनचा हा फोम दहा ते वीस वर्षांत विरतो, आणि पावसाळ्यातली दमट हवा त्याला आणखी घाई करते. बोटाने हळूच स्पर्श केला तरी चिकट भुकटी हाताला लागते. रबराचे किंवा कापडाचे कडे असलेले वूफर याबाबतीत खूप टिकाऊ. फोम गेला म्हणून वूफर फेकायचं कारण नाही: त्याच मापाचा नवा कडा आणून, जुना गोंद पूर्ण खरवडून, तो बसवता येतो. कसब एवढंच की आतली व्हॉइस कॉइल चुंबकाच्या फटीत नेमकी मधोमध राहिली पाहिजे. काही कारागीर गोंद वाळेपर्यंत मधली टोपी काढून पातळ पट्ट्या घालून ठेवतात, काही जण तीसेक हर्ट्झचा स्वर अगदी हळू वाजवत खरखर येत नाही ना ते पाहतात. स्पीकरवर हात बसलेला माणूस हे काम नव्या वूफरच्या किमतीच्या लहानशा भागात करून देतो.

दुसरा म्हातारा होणारा भाग वूफर आणि ट्वीटर यांना स्वर वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हरमध्ये बसलेला असतो. ट्वीटरकडे फक्त वरचे स्वर जावेत म्हणून त्याच्या वाटेत कपॅसिटर असतो. आठ ओहमच्या ट्वीटरला तीन हजार हर्ट्झपासून वर न्यायचं तर साध्यात साध्या रचनेत तो सुमारे ६.६ मायक्रोफॅरडचा लागतो. खर्च वाचवण्यासाठी अनेक स्पीकरमध्ये इथे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर वापरलेला असतो. तो वर्षानुवर्षं आतून सुकतो, त्याचं मूल्य सरकतं आणि रोध वाढतो. परिणामी ट्वीटर दबतो आणि सांधा हलतो. जवारीची झालर गेली, सतार बोथट झाली, असं वाटतं त्यामागे बऱ्याचदा हाच छोटा नळकांड्यासारखा भाग असतो. त्याच मूल्याचा, शंभर व्होल्ट किंवा अधिक क्षमतेचा पॉलिप्रॉपिलीन फिल्म कपॅसिटर लावला की प्रश्न मिटतो, कारण त्यात सुकायला द्रव नसतो. बदल दोन्ही स्पीकरमध्ये एकाच वेळी करावा, नाहीतर डावा-उजवा वेगळा बोलू लागतो. फिल्म कपॅसिटरचा रोध फार कमी असल्याने ट्वीटर मूळ रचनेपेक्षा थोडा टोकदार वाटला, तर एखाद्या ओहमचा किंवा त्याहून लहान रेझिस्टर त्याच्या वाटेत घालून तो मूळच्या पातळीला आणता येतो. फिल्म कपॅसिटर, रेझिस्टर, सोल्डरची तार असं सामान पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या परिसरात शोधावं, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर.

वूफर बदलण्याचा मोह मात्र आवरावा. भोकात मावतो म्हणून वूफर खोक्याला जुळतो असं नाही. ऑस्ट्रेलियातले नेव्हिल थील यांनी १९६१मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं की वूफरची लवचीकता, वजन आणि चुंबकाची ताकद यांवरून खोक्याचं आकारमान आणि हवा सोडणाऱ्या नळीची लांबी ठरते. दुसराच वूफर बसवला की ते गणित मोडतं. बेस एकतर भसाभस वाढतो किंवा पोकळ होतो. मूळ जातीचा वूफर मिळाला तर घ्यावा, नाहीतर जुन्याचाच कोन बदलून घ्यावा.

अँप्लिफायरबद्दल थोडक्यात. पन्नास वॉटचा शंभर वॉट केला तर आवाज फक्त तीन डेसिबलने चढतो; कानाला दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. हॉलमध्ये आठ-दहा फुटांवरून गाणं ऐकायला चांगले तीस-चाळीस वॉट पुष्कळ होतात.

वायरवर तर सर्वांत जास्त बोललं जातं आणि सर्वांत कमी फरक पडतो. दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या दोन तारा स्पीकरपर्यंत पाच मीटर नेल्या, तर येण्याजाण्याचा रोध ०.११५ ओहम होतो. आठ ओहमच्या स्पीकरवर त्याने होणारी घट एका डेसिबलच्या आठव्या भागाएवढी. पुण्यातच १९५८मध्ये उभ्या राहिलेल्या फिनोलेक्ससारख्या कंपनीची घरगुती तांब्याची वायर या कामाला पूर्ण पुरते. अंतर जास्त असेल तर अडीच चौरस मिलिमीटर घ्यावी, टोकं घट्ट आवळावीत आणि वर्षातून एकदा काळवंडलेलं तांबं कापून नवं काढावं. महागड्या वायरने आवाज सुधारल्याचं प्रामाणिकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचा अनुभव खोटा नसतो. कान आणि डोळे मिळूनच ऐकतात. ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी हर्मन कंपनीत स्पीकरची जी तुलना केली आणि १९९४मध्ये मांडली, तिच्यात हेच दिसलं. स्पीकर समोर दिसत असताना लोकांनी दिलेले गुण आणि तेच स्पीकर पडद्याआड ठेवल्यावर दिलेले गुण ठळकपणे वेगळे होते. घरी असा पडदा लावणं अवघड नाही: घरातल्या एकाने वायर बदलावी, दुसऱ्याने न बघता ऐकून सांगावं.

जुनी जोडी विकत घ्यायची असेल, तर बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात दीड व्होल्टचा एक साधा सेल आणि वायरचे दोन तुकडे खिशात ठेवून जावं. कोनावर दोन्ही बाजूंनी सारखा, हलका दाब द्यावा. मधली टोपी दाबू नये. आत घासल्याचा आवाज आला तर व्हॉइस कॉइल सरकलेली आहे. मग सेलचं धन टोक स्पीकरच्या लाल टोकाला क्षणभर लावावं. वूफरचा कोन पुढे आला तर जोडणी बरोबर, मागे गेला तर आतल्या तारा कोणीतरी उलट्या लावल्या आहेत. जोडीतला एकच उलटा असेल तर दोघांचा बेस एकमेकांना खाऊन टाकतो, आणि स्पीकर मेलेले समजून विकायला काढले जातात. ट्वीटरवर सेल टेकवून टिक असा आवाज येतो का तेही ऐकावं, कारण जुन्या ट्वीटरची बारीक तार तुटलेली असेल तर दुरुस्ती कठीण असते. फोमची भुकटी लागली तर कडा बदलण्याचा खर्च वजा करून भाव सांगावा. कॉइल मोकळी, दोन्ही कोन एकाच दिशेने हलणारे आणि ट्वीटर जिवंत अशी जोडी मिळाली, तर लाकडावरच्या चऱ्यांकडे आणि नावाच्या उडालेल्या पट्टीकडे न बघता ती घ्यावी.